झाकली मूठ नव्वद कोटींची

शेव्हरोले कोबाल्ट ही छोटी अमेरिकन मोटार किल्ली फिरवली की सुरू व्हायची. धावता धावता किल्लीला गुडघा लागला, खड्ड्याचा हिसका बसला किंवा किल्ल्यांचा जुडगा जड झाला, तर ती आपोआप बंदही पडायची.

आणि ती बंद पडली की एअरबॅगही बंद.

कारण एवढंसं होतं. किल्लीच्या खाचेमागे स्विच असतो. स्विचमध्ये एक बारीक दांडी, तिच्यामागे स्प्रिंग. स्प्रिंगने दांडी दाबून धरायची, म्हणजे किल्ली ‘चालू’च्या जागी घट्ट राहते. या स्विचमध्ये तो जोर ही मोटार बनवणाऱ्या जनरल मोटर्सने, म्हणजे जीएमने, स्वतःच ठरवलेल्या किमान मापापर्यंतही पोचत नव्हता. किल्ली सटकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेक जड. आणि गाडी झाडावर आदळली की फुगायला हवी ती एअरबॅग गपगार.

दुरुस्तीला लागणाऱ्या सुट्या भागाची किंमत अमेरिकी संसदेतल्या सुनावणीत सांगितली गेली. ५७ सेंट.

आता कंपनीला कधी कळलं ते बघा. २००२ मध्ये स्विच मंजूर झाला, तोच मापात बसत नसताना. मंजूर करणाऱ्या इंजिनिअरने तेव्हाच एका ई-मेलमध्ये त्याला ‘नरकातला स्विच’ म्हटलं होतं. २००५ मध्ये कंपनीने डीलरांना लेखी कळवलं: गाडी बंद पडल्याची तक्रार आली तर गिऱ्हाइकाला किल्लीच्या जुडग्यातलं जड सामान काढायला सांगा.

म्हणजे दोष गाडीत, आणि सुधारायचं कोणी? गिऱ्हाइकाने.

पुढचा भाग जास्त संतापजनक आहे. २००६ मध्ये स्विच गुपचूप सुधारण्यात आला. दांडी लांब झाली, स्प्रिंग कडक झाली. पण भागाचा नंबर मात्र जुनाच ठेवला. मोटारीच्या धंद्यात सुट्या भागाचा नंबर म्हणजे त्याची ओळख. भाग बदलला की नंबर बदलतो, हे गॅरेजमधल्या पोऱ्यालाही माहीत असतं. नंबर तोच ठेवल्यामुळे कागदोपत्री काही बदललंच नाही. म्हणजे जुन्या स्विचमध्ये काही खोट होती, हेही कागदावर कुठे दिसायला नको.

मग जॉर्जियात एक तरुण परिचारिका कोबाल्टच्या अपघातात गेली. तिच्या आईवडिलांनी वकील केला, वकिलाने एक इंजिनिअर नेमला. त्या इंजिनिअरने दुकानातून त्याच नंबरचा नवा स्विच आणला, जुना आणि नवा खोलून शेजारी ठेवले. नव्यातली दांडी दीडेक मिलिमीटर लांब होती.

जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एकीला जे वर्षानुवर्षं ‘सापडत’ नव्हतं, ते एका माणसाला टेबलावर सापडलं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावणं सुरू झालं. आकडा फुगत फुगत २६ लाखांवर गेला. बळी किती? कंपनी सुरुवातीला म्हणाली, १३. कंपनीनेच नेमलेल्या केनेथ फाइनबर्ग यांच्या भरपाई निधीने मोजले तेव्हा १२४ निघाले.

१३ आणि १२४ यांच्यातलं अंतर हाच या कंपनीच्या अब्रूचा हिशोब आहे.

दुसराही हिशोब करू. २६ लाख गाड्या गुणिले ५७ सेंट, म्हणजे सुमारे १५ लाख डॉलर. मजुरी वेगळी धरा, कितीही धरा. २०१५ मध्ये फौजदारी खटला टाळण्यासाठी कंपनीने अमेरिकी सरकारला भरले ९० कोटी डॉलर. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ही उघडल्यावर नव्वद कोटींची निघाली.

तुरुंगात किती जण गेले? एकही नाही.

हे एका नालायक माणसाचं काम होतं, असं म्हणून सुटता येत नाही. कंपनीनेच चौकशीला नेमलेले वकील अँटन वालुकास यांनी ३००हून जास्त पानांचा अहवाल दिला. त्यात कार्यालयातल्या दोन सवयींची नावं आहेत. पहिली, ‘जीएमची मान’. बैठकीत सगळ्यांनी माना डोलवायच्या, ठरलं म्हणायचं, आणि बाहेर पडल्यावर कोणी काहीच करायचं नाही. दुसरी, ‘जीएमचा सलाम’. छातीवर हातांची घडी घालायची आणि दोन्ही बोटं शेजाऱ्यांकडे दाखवायची. जबाबदारी याची, नाहीतर त्याची. माझी नाही.

शिवाय कर्मचाऱ्यांना कोणते शब्द लिहू नयेत, हेही शिकवलं जात होतं. २००८ च्या एका प्रशिक्षणात तब्बल ६९ शब्दांची यादी होती. ‘दोष’ लिहायचं नाही, ‘रचनेनुसार काम करत नाही’ असं लिहायचं. का? कारण लिहिलेलं उद्या कोर्टात निघतं.

दोष काढण्यापेक्षा दोष हा शब्द काढणं स्वस्त पडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ही खोड २००२ ची नाही. फार जुनी आहे.

१९०८ मध्ये विल्यम ड्युरंटने फ्लिंट गावात ही कंपनी काढली, दोनदा हातची घालवली. मग आल्फ्रेड स्लोन आले आणि त्यांनी ती जगात पहिली केली. १९३१ पासून २००७ पर्यंत मोटारी विकण्यात जीएमच्या पुढे कोणी नव्हतं. हॅंडल मारून गाडी सुरू करताना माणसांचे हात मोडायचे, ते १९१२ च्या कॅडिलॅकमधल्या सेल्फ स्टार्टरने थांबवलं. हे श्रेय त्यांचंच, आणि ते द्यायलाच हवं. अक्कल या कंपनीत कधीच कमी नव्हती.

म्हणूनच जास्त राग येतो.

सेल्फ स्टार्टर घडवणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांच्याच प्रयोगशाळेत १९२१ मध्ये टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं. इंजिनाची खडखड थांबली. शिसं विषारी आहे हे तेव्हा जगाला माहीत नव्हतं का? शतकानुशतकं माहीत होतं. खुद्द मिजली शिशाच्या विषबाधेने सुट्टीवर गेले होते. अल्कोहोलनेही खडखड थांबते, हेही त्या प्रयोगशाळेला माहीत होतं. पण त्यात मक्तेदारीचा पैसा नव्हता. शिशाच्या युक्तीचं पेटंट घेता येत होतं. बाजारात मालाचं नाव ठेवलं ‘एथिल’. शिशाचा उल्लेख जाहिरातीतून गायब.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर काही दिवसांतच मिजली पत्रकारांसमोर उभे राहिले, ते द्रव्य हातांवर चोळलं आणि हुंगून दाखवलं. काही होत नाही, बघा!

ते शिसं भारतातल्या पेट्रोलमधून कायमचं गेलं २००० मध्ये. मधल्या काळात मुंबईच्या सिग्नलवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक पोराच्या फुप्फुसात ते जात होतं. मक्त्याचा पैसा अमेरिकेत राहिला, धूर आपल्याकडे आला.

मग १९६५. राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने मोटारींच्या असुरक्षित रचनेवर पुस्तक लिहिलं. पहिलंच प्रकरण जीएमच्या कॉर्व्हेअरवर. कंपनीने उत्तर काय दिलं? गाडीबद्दल नाही. नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. त्याच्या ओळखीच्या लोकांकडे चौकशा केल्या: बायकांशी कसा वागतो, दारू पितो का, ज्यूंचा द्वेष करतो का. काही सापडलं नाही. मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. नेडरने दावा ठोकला, कंपनीने सव्वाचार लाख डॉलर मोजले. नेडरने ते पैसे ग्राहक चळवळीत घातले, म्हणजे मोटार कंपन्यांच्या मागे लागायला जीएमचाच पैसा!

आणि गंमत नाही, शोकांतिका बघा. १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांचा निष्कर्ष आला, कॉर्व्हेअर तेव्हाच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. म्हणजे कंपनीकडे खरं उत्तर द्यायची सोय होती. तिला आठवला तो हेर.

१ जून २००९. कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकी सरकारने सुमारे ५,००० कोटी डॉलर ओतून तिला उभं केलं. कायद्याने दोन तुकडे झाले. चांगले कारखाने आणि चांगली नावं ‘नव्या’ जीएमकडे, देणी आणि दावे ‘जुन्या’ जीएमकडे. पुढे स्विचचं प्रकरण फुटल्यावर नव्या कंपनीने कोर्टात सांगितलं, जुन्या अपघातांचे दावे आमच्याकडे आणू नका. इमारत तीच, इंजिनिअर तेच, स्विच तोच. जबाबदारी तेवढी जुन्या नावासोबत पुरलेली. २०१६ मध्ये अपील कोर्टाने ही ढाल काढून घेतली. कंपनीला दोष माहीत होता आणि तिने लोकांना सांगितला नाही, मग दिवाळखोरीच्या आड लपता येणार नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

करदात्यांनी जीव वाचवला त्यांचाच हा प्रताप. सरकारला त्या व्यवहारात १,००० कोटींहून जास्त डॉलरचा खड्डा पडला, तो वेगळाच.

आता घरी या. शिर्डीला, अक्कलकोटला, लग्नाच्या वऱ्हाडाला जी टवेरा जायची ती याच कंपनीची. जुलै २०१३ मध्ये कंपनीने एक लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. २००५ पासूनच्या. का? तपासणीत धुराचं प्रमाण नियमात बसावं म्हणून कर्मचारी कमी धूर सोडणारी इंजिनं निवडून तपासणीच्या गाड्यांत बसवत होते, हे खुद्द कंपनीनेच सरकारला कळवलं. सरकारी समितीने याला फसवणूक म्हटलं. आठ वर्षं गाड्या विकल्या गेल्या, आणि आठ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही?

जीएमची मान इथेही डोलत होती.

२०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात १०० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. २०१७ मध्ये सांगितलं, भारतात शेव्हरोले विकणं बंद. दोन वर्षं! तोवर लोकांनी कर्ज काढून बीट आणि क्रूझ घेतल्या होत्या, डीलरांनी शोरूम बांधल्या होत्या. घोषणेला ज्यांनी खरं मानलं, तेवढेच बुडाले.

आणि तळेगाव. २००८ मध्ये इथला कारखाना सुरू झाला तेव्हा मावळात केवढी आशा होती. भारतातली विक्री थांबल्यावरही इथे परदेशासाठी गाड्या बनत राहिल्या. २४ डिसेंबर २०२० ला शेवटची गाडी बाहेर पडली. करोनाचं वर्ष, टाळेबंदीने पिचलेली घरं, आणि हजाराहून जास्त कायम कामगार एका फटक्यात रस्त्यावर. चाळिशीकडे झुकलेला वेल्डर, घराचा हप्ता चालू, पोरगं इंग्रजी शाळेत. त्याने कुठे जायचं? चाकणला जा, तर कंत्राटदाराकडे निम्म्या पगारावर पहिल्यापासून सुरुवात. ज्यांनी भरपाई घेतली नाही ते वर्षानुवर्षं कोर्टाच्या आणि मंत्रालयाच्या पायऱ्या चढत राहिले.

आधी चिनी ग्रेट वॉल कारखाना घेणार होती, तो व्यवहार फिसकटला. मग २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला. करारात जमीन होती, इमारती होत्या, यंत्रं होती.

माणसं नव्हती.

नव्या गुंतवणुकीच्या फोटोत सगळे पक्ष उभे राहतात. जुन्या कामगाराच्या शेजारी उभं राहायला एक तरी येतो का?

तरीही वाटतं ना, २०१४ च्या दणक्यानंतर सुधारले असतील? ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका पादचारी बाईला दुसऱ्या मोटारीने उडवलं आणि ती जीएमच्या क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीसमोर पडली. टॅक्सीने तिला धडक दिली आणि वीसेक फूट फरफटत नेलं. सरकारला पाठवलेल्या अहवालात फरफट वगळली होती. पुढच्या वर्षी क्रूझने खोटा अहवाल दिल्याचं कबूल करून दंड भरला.

स्वतःची माहिती दडवणाऱ्या या कंपनीने गिऱ्हाइकाची माहिती मात्र भरभरून वाटली. गाडीतल्या यंत्रणेतून चालकाचं ठिकाण, वेग, कचकन दाबलेला ब्रेक, रात्री उशिराची फेरी, असं सगळं काही काही सेकंदांनी गोळा होत होतं. ते विमा कंपन्यांना माहिती पुरवणाऱ्यांना विकलं गेलं. चालकांना कळलं कधी? हप्ता वाढला तेव्हा. मार्च २०२४ मध्ये वर्तमानपत्रातून बोभाटा झाला आणि कंपनीने हा व्यवहार थांबवला.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाने कारवाई जाहीर केली. असली माहिती या दलालांना देण्यावर बंदी.

पाच वर्षांची.