आंजी (मोठी) येथे गाडीला दम लागतो

वर्धेहून आर्वीला एसटी जाते आणि बहुतेक वेळा ती पोचतेही. तरी मी साळ्याच्या पिकअपमध्ये चढलो. तो म्हणाला, "जवाईबापू, घरची गाडी असताना यष्टीनं जाता? लोक काय म्हणतीन?" लोक काय म्हणतात ते पुढे आंजीला सविस्तर ऐकायला मिळालं.

गाडी जुनी, पण साळ्याच्या मते 'इंजिन सोनं आहे'. मागे ढेपेची पोती, पुढे जावई. मान दोघांनाही सारखाच, पोती तेवढी दोरीने बांधली होती. वर्धेत त्याने टाकी तोंडोतोंड भरली आणि आम्ही झोकात निघालो. आंजी जवळ येऊ लागली तशी गाडी मात्र ढेपाळू लागली. चौथ्याचा तिसरा झाला, तिसऱ्याचा दुसरा. साळ्याचा पाय पार पत्र्याला टेकला तरी इंजिनाच्या ते गावीही नव्हतं. मागून सायकलवर एक म्हातारबा आले, काही अंतर बरोबरीने चालले, माझ्याकडे कणवेने बघितलं आणि पुढे निघून गेले.

आंजीच्या पाटीवर गावाचं मोठेपण कंसात लिहिलेलं असतं. इतका विनय हल्ली कुठे दिसतो! चहाच्या टपरीपुढे साळ्याने गाडी लावून बॉनेट उघडलं. बॉनेट उघडणं म्हणजे आपल्याकडे दवंडीच. पाच मिनिटांत सभा भरली. पहिला प्रश्न अर्थातच इंजिनाबद्दल नव्हता.

"कोन्त्या गावचे? कोनाकडचे?"

दोन चहांत उलगडा झाला की ट्रॅक्टरवाले काका हे साळ्याच्या मावससासऱ्यांचे व्याही. त्यामुळे त्यांचं निदान एकदम वजनदार झालं. "नोझल गेले हे. मले आवाजावरूनच समजते." गाडी त्या वेळी बंद होती.

एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "नोझल गिझल काही नाही. क्लच घसरून राह्यला."

"क्लच घसरला असता तं इंजिन बोंबललं असतं ना भाऊ," साळा म्हणाला. "अठी इंजिनच मुकं झालं."

"मंग डिझेलमंधी पानी असन."

"एअर फिल्टर पाहा. कापसाचा सीझन आहे, सारी धूळ न् रुई आतमंधी जाते."

"गाडी जरा थंडी होऊ द्या. चहा घ्या."

चहा घेतला, गाडी सुरू केली आणि काय आश्चर्य, ती डरकाळी फोडून निघाली! चहावाल्याचा ऊर भरून आला. खरांगण्याच्या दिशेने थोडं अंतर कापलं नाही तोच पुन्हा तेच रडगाणं. रखडत परत आलो, तर सभा जागची हलली नव्हती. एका शेतकरीदादांनी तर सरळ विचारलं, "बैल जुंपू का?"

वर्धा जिल्ह्याला ही सूचना नवी नाही. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून गांधीजींना नेत, आणि त्या वाहनाला गमतीने 'ऑक्सफर्ड' म्हणत, असं इकडे सांगतात. पण त्यात महात्मा बसत असत. ढेपेसोबतचा जावई त्या थाटात शोभला नसता.

एवढ्यात कोणीतरी मिस्त्रीला घेऊन आलं. अंगाने काडी, मिसरूड नुकतं फुटलेलं. बॉनेटकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो गेला थेट सायलेन्सरकडे. "रेस करा."

साळ्याने केली.

"धूर कुठी आहे?" पोरगा म्हणाला. "फिल्टर चोक असता तं काळा धूर मारला असता. डिझेल आहे, हवा नाही, असं झालं का काळा धूर. ऑइल जळलं तं निळा. हे तं काहीच मारून नाही राह्यली. हिले डिझेलच भेटून नाही राह्यलं."

"टाकी फुल आहे!" साळा दुखावला.

"म्हणूनच."

तो टाकीपाशी उकिडवा बसला. टाकीचं झाकण कधीच हरवलेलं. त्या जागी साळ्याने सायकलच्या ट्यूबचा दुहेरी तुकडा ताणून वरून लोखंडी क्लिप आवळली होती. डिझेलचा थेंब सांडू नये, चोराचा हात जाऊ नये, असं पक्कं काम. त्या रबराच्या मधोमध अंगठा बुडेल एवढा खड्डा पडला होता. आतून कोणीतरी ओढून धरल्यासारखा. मिस्त्रीने स्क्रू ढिला केला. सुऽऽस्स असा लांबलचक आवाज झाला, आणि रबर टप्पकन सपाट.

इंजिन टाकीतून डिझेल ओढतं, तेवढी हवा आत यावी लागते. म्हणून कंपनीच्या झाकणाला बारीक वाट ठेवलेली असते. बाहेरची हवा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 1 किलो भाराने दाबत असते आणि डिझेल पंपाकडे ढकलायला तीच हात देते. हवेच्या या दाबाचा पुरावा टोरिचेलीने 1643 मध्ये पाऱ्याच्या नळीने दिला. साळ्याने तीच हवा ट्यूब लावून अडवली. टाकी जितकी भरलेली, तितकी वरची मोकळी जागा कमी, आणि ओढ तितकी लवकर बसते. गाडी उभी राहिली की रबराच्या कडेने हवा हळूहळू शिरायची, म्हणून चहाचा गुण यायचा. चहावाल्याला हे कोणी सांगितलं नाही.

पोराने आरीने रबराला एक भोक पाडलं.

"पैसे?"

"भोकाचे कायचे पैसे? आमच्या गाईले थोडी ढेप द्या."

पाटीभर ढेप मोजताना साळ्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. ड्रायव्हरसाहेब सगळ्यांना सांगत होते, "मी म्हटलंच होतं, गाडीले दम लागला." क्लचचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आर्वीपर्यंत गाडी अशी पळाली की साळ्याला मधेच गाणं सुचलं. आर्वीत पोचताच त्याने गाडी गॅरेजला लावली आणि चारही नोझल काढून तपासायला दिले.

"अरे, आता कशाला?" मी विचारलं.

"तुम्हाले नाही समजत, जवाईबापू. मावससासऱ्याचे व्याही होते ते. उद्या लग्नात भेटले न् विचारलं तं काय सांगू?"