भरिताच्या वांग्याचा रंग

माझी जीप दुसऱ्या महायुद्धात लढलेली आहे, असं मी लोकांना अडीच वर्षं सांगत होतो. कुठे लढली म्हणून कुणी विचारलंच, तर ब्रह्मदेशात. नरडाण्यातलं कुणी ब्रह्मदेशात जाऊन आलेलं माझ्या माहितीत नाही, त्यामुळे उलटतपासणीची भीती नव्हती. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात बोट जाईल एवढं एक भोक होतं. पाहुणा आला की त्याचं बोट धरून मी त्या भोकात घालायचो आणि आवाज खाली आणून म्हणायचो, "जपानी." चहा येईपर्यंत पाहुणा गप्प बसायचा.

जीप मी भंगारात घेतली, वजनावर. देणाऱ्याने छातीवर हात ठेवून "विलीज से साहेब, असली विलीज" असं सांगितलं, आणि मला नेमकं तेवढंच ऐकायचं होतं. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या युद्धासाठी केल्या. त्यातली एक चुकूनमाकून नरडाण्याला यायला काय हरकत आहे? आपण आग्रा रोडवर आहोत, इथून काय काय गेलेलं नाही! शिवाय गाडी लेफ्ट हँड. मागच्या पत्र्यावर तसं ठळक लिहिलेलंही होतं.

आता पुराव्यांकडे वळू. युद्धातल्या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या खाचा असतात. माझ्या जीपला सात होत्या. दुसरा कुणी असता तर तिथेच शहाणा झाला असता. मी वहीत नोंद केली : 'दोन खाचा बहुधा युद्धात बुजल्या.' युद्धातल्या जीपचं बॉनेट बसकं. माझ्या जीपचं नवरदेवाच्या फेट्यासारखं उंच. वहीत नोंद : 'अधिकाऱ्यांसाठी खास बांधणी?' पुढे प्रश्नचिन्ह टाकलं की थापेचं संशोधन होतं, हे मला तेव्हा कळलं.

फोर्ड कंपनीला आपल्या प्रत्येक भागावर 'एफ' हे अक्षर उमटवायची खोड होती, पार बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा. तो 'एफ' शोधत मी सहा महिने रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन जीपखाली आडवा पडत होतो. गल्लीतली पोरं माझे पाय बाहेर दिसतात का हे बघून वेळ सांगायची. आणि एके दिवशी मागच्या पाट्याच्या बोल्टावर, ग्रीसच्या थराखाली, 'एफ' सापडला! मी बाहेर निघायच्या घाईत डोकं आपटून घेतलं आणि तसाच मिस्तरींना ओरडून बोलावलं. मिस्तरींनी वाकून पाहिलं. "हा ना? हा तर मीच लावला परवादिशी. जुना सडेल होता. धुळ्याच्या भंगारातून आणला."

मग त्यांनी, विषय निघालाच आहे म्हणून, बाकीचंही सांगून टाकलं. उंच बॉनेट आणि सात खाचा म्हणजे महिंद्रा. विलीजने १९५३ साली उंच इंजिन बसवलं, ते मावेना म्हणून बॉनेट वर उचललं. स्वातंत्र्यानंतर माझगावला सुटे भाग जोडून जीप बनवायला लागलेल्या महिंद्राने पुढे हेच मॉडेल कित्येक वर्षं काढलं. लेफ्ट हँडचं म्हणाल तर तेही तसंच, महिंद्राच्या जीपा वर्षानुवर्षं लेफ्ट हँडच निघत. थोडक्यात, माझी जीप युद्ध संपून बराच काळ लोटल्यावर मुंबईत जन्मली होती.

"आणि हे भोक?" मी शेवटची आशा म्हणून विचारलं.

"झेंड्याचं. निवडणुकीत दांडी लागायची तिथे."

माणूस इतक्यावर सुधारतो असं कुणाला वाटत असेल, तर त्याने हौशी संशोधक पाहिलेला नाही. मी ब्रह्मदेश सोडला आणि पंजाबात शिरलो. १९६५ साली असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद पॅटन रणगाड्यांना भिडले, ते जीपवरच्या रिकॉइललेस तोफेनेच ना? आपल्या सैन्यानेही महिंद्राच्या जीपा वापरल्याच ना? मग रंगाच्या थरांखाली कुठेतरी लष्करी हिरवा निघेलच. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरं जमवली, मी नटबोल्ट जमवत होतो. आमच्यात फरक एवढाच, की त्यांनी जमवलेल्यात इतिहास होता.

आधी सोनगीरच्या एका तांबट काकांकडून मडगार्डाचे पोचे काढून घेतले. हंडे-घागरी ठोकणारा हात तो, पत्रा त्याचं ऐकतो. आता मडगार्डावर कानाकोपऱ्यात हंड्यासारख्या बारीक ठोक्यांची नक्षी उमटली आहे, पण पोचा एक नाही. मग मी पॉलिश पेपर आणि पाण्याची बादली घेऊन बसलो. सगळ्यात वर निळा. निळ्याखाली पांढरा. पांढऱ्याखाली पिवळा आणि काळा. त्याखाली तांबडा प्रायमर, आणि मग सरळ लोखंड. लष्करी हिरव्याचा टिपूससुद्धा नाही.

काळी-पिवळी! माझी रणरागिणी आयुष्यभर नरडाणा–शिंदखेडा, नरडाणा–बेटावद करत होती. आत माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, टपावर मिरचीची पोती आणि पोत्यांवर परत माणसं. ड्रायव्हर तर अर्धा बाहेरच, गाडीला टेकू दिल्यासारखा.

इथे मी विषय सोडून जरा हिरव्या रंगाकडे जाणार आहे. बायको म्हणते की मी तिथून परत येतच नाही.

झालं असं, की मागच्या पत्र्यावर काळ्या आणि पिवळ्या पट्ट्याची हद्द होती, तिथे मी घासत होतो. दोन्ही रंगांचं गाळपाणी खाली ओघळलं आणि फरशीवर एकत्र झालं. मी पाहतो तर फरशीवर साक्षात लष्करी हिरवा! निळ्याचा थेंब नाही, आणि हिरवा! वाचून पाहिलं तेव्हा कळलं, की यात चमत्कार काही नाही. अमेरिकन सैन्याचा तो प्रसिद्ध ऑलिव्ह रंग मुळात पिवळी माती आणि काजळी मिसळूनच केला जायचा. म्हणजे महायुद्धाचा अख्खा रंग आपल्या वडाप जीपवर सुटा सुटा पडून होता, कुणी कालवला नव्हता एवढंच. त्या दिवशी मी जेवलो नाही. आनंदाने म्हणा, की फरशी कोण धुणार यावरच्या चर्चेमुळे म्हणा.

बरं, ऑलिव्ह म्हणजे नेमका कसला हिरवा? ऑलिव्हचं झाड नरडाण्यात कुणी पाहिलंय? खान्देशी माणसाला हिरवे कितीतरी कळतात. केळीच्या कोवळ्या पानाचा वेगळा, जून पानाचा वेगळा. ठेच्याच्या मिरचीचा वेगळा, आणि तीच मिरची तव्यावर परतली की वेगळा. पण मी रंगवाल्याच्या दुकानात जाऊन "ऑलिव्ह" म्हटलं, की तो पोपटी दाखवायचा, नाहीतर शेवाळी. शेवटी मी पिशवीतून वांगं काढून त्याच्या काउंटरवर ठेवलं. आपलं जळगावकडचं भरिताचं, फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, मुठीत न मावणारं. म्हटलं, हे घ्या, कपाशीच्या काड्यांवर धरा, आणि साल करपायच्या अगदी आधी, अर्ध्या मिनिटापुरतं जे दिसतं ना, तो रंग! दुकानदाराने वांगं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "रंग किती लिटर, आणि भरीत किती माणसांचं?"

त्याची चेष्टा बाजूला ठेवा, मी स्वतः हा प्रयोग केला. एका हातात वांगं, दुसऱ्या हातात रंगाचं कार्ड. तीन वांगी करपली, चौथ्याला रंग जुळला आणि मी "आला! आला!" असं ओरडलो तेव्हा आईने ते माझ्या हातातून काढून घेतलं, बडगीत घातलं आणि मिरची-लसणाबरोबर कुटलं. दुसरं महायुद्ध आम्ही त्या रात्री कळण्याच्या पुरीशी खाल्लं.

इतकं करून रंग तयार झाला. डबा उघडणार, तेवढ्यात शेजारच्या आरटीओ एजंटाने कुंपणावरून सांगितलं, की केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला नियम १२१ : संरक्षण खात्याची नसलेली गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवता येत नाही. मी डबा बंद केला. पिवळा आणि काळा वेगवेगळे लावले तर चालतात, कालवून लावले की गुन्हा! जीप सध्या करड्या प्रायमरवर उभी आहे. ही चीड खरी आहे, वर कितीही हसलो तरी.

कायद्याने गाडी अडवली म्हणून मी गाडी लहान केली. पस्तिसाव्या हिश्शाच्या प्लॅस्टिक मॉडेलला नियम १२१ लागू नाही. पस्तीसच का, त्याचीही गंमत आहे. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं खेळणं काढलं. आत बॅटरीचे सेल मावले पाहिजेत म्हणून जो आकार धरला, तो पुढे मोजला तर पस्तिसावा भाग निघाला, आणि तेच जगाचं माप झालं. त्या मापात जीप साडेनऊ सेंटिमीटरची होते. मी ती भरिताच्या रंगात रंगवली, बॉनेट बसकं ठेवलं, खाचा नऊ. भोक पाडलं नाही.

आता आमच्या गल्लीतले मिल्ट्री आबा. ते १९७१ साली शक्तिमान चालवायचे. टीव्हीवरचा नव्हे, जबलपूरला बनणारा ट्रक. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर बनायचा, म्हणून नावात मान. दारातली खरी जीप पाहून आबांचे डोळे भरून येतील या खात्रीने मी मोबाइलचा कॅमेरा सुरू करून त्यांना बोलावलं. आबांनी जीपला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हिन्हामा बसीसन मन्ही कंबर गयी." व्हिडिओ नऊ सेकंदांचा आहे.

पण त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी यायला लागले. टायर पायाने दाबून बघायचे, खाली वाकून तेल गळतंय का पाहायचे, मागच्या चाकाला वीट लावायचे आणि मग घरी जायचे. "लास्ट परेड," एवढंच म्हणायचे. जीपला इंजिनच नव्हतं तेव्हासुद्धा.

मी त्यांना अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात घेऊन गेलो. १९९४ मध्ये सुरू झालेलं. सुमारे पन्नास गाड्या मोकळ्यावर मांडलेल्या : माटिल्डा, चर्चिल, पॅटन, आपला विजयंता. मी टेप काढून मापं घेत होतो आणि गाइडच्या सुरात सांगत होतो, की १६ डिसेंबर १९७१ ला पुणे हॉर्सचा अरुण खेत्रपाल ज्या 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता गेला, तो रणगाडा याच गावात आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवलाय. एकवीस वर्षांचा होता, आबा. आबा एका चाकाला हात लावून उभे होते. "थंडी फार होती," ते म्हणाले. "आम्ही ट्रकखाली झोपायचो. एका सकाळी उठलो, तर बाजूचा ट्रक नव्हता."

मी पुढचं विचारलं नाही. टेप गुंडाळून खिशात ठेवली. माझं ते 'जपानी' भोक आठवलं आणि चेहरा गरम झाला.

परत आल्यावर मी शक्तिमान करायला घेतला. बाजारात मला तयार किट मिळालं नाही, म्हणून औषधाच्या खोक्यांचा पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ताडपत्रीला जुन्या धोतराचा तुकडा. चार महिने लागले. आबांना आपल्या ट्रकचा सैन्यातला नंबर अजून पाठ आहे, स्वतःचा मोबाइल नंबर मात्र त्यांना नातवाला विचारावा लागतो. तो नंबर मी भिंग लावून लिहिला. रंग तोच, वांग्याचा.

आबांनी ट्रक तळहातावर घेतला, उलटा करून खालून पाहिला, पुन्हा सुलटा केला. बराच वेळ केबिनमध्ये एक डोळा लावून बसले. "हाऊ ते भरीतना वांगाना रंग से," म्हणाले. मी अभिमानाने होय म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "मन्हा मग कोठे से?"

स्टिअरिंगशेजारी त्यांचा पांढरा इनॅमलचा मग टांगलेला असायचा. चार महिन्यांच्या माझ्या संशोधनात तो नव्हता.

पस्तिसाव्या हिश्शात मग अडीच मिलिमीटरचा होतो. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलची चकती कापली, केसाएवढ्या तारेचा कान चिकटवला, पांढरा दिला, कडेला निळी रेघ. तीन संध्याकाळी गेल्या. काल चिमट्यात धरून आत टांगायला गेलो, आणि तो उडाला.

सध्या ओटीवरचा पंखा बंद आहे. आई केरसुणीला कुणाला हात लावू देत नाही. बायको मोबाइलची बॅटरी लावून गुडघ्यांवर फरशी बघते आहे, आणि आबा दारातच उभे आहेत. चाकाला वीट लावून झाली आहे, पण ते अजून घरी गेलेले नाहीत.