चाक आऊट, गिऱ्हाईकही आऊट

नव्या सायकलचं मागचं चाक तिसऱ्याच दिवशी लंगडायला लागलं, की दुकानदाराचं निदान तयार असतं: "साहेब, तुम्ही चालवलीत ना!" सायकल चालवणं हा तिचा गैरवापर, हे कायद्याचं कलम फक्त काउंटरपलीकडेच शिकवलं जातं. मग एक पोऱ्या आऱ्यांना दोन पिळे देऊन 'आऊट' काढतो. ब्रेक एका बाजूला घासतोच. पण तो म्हणे 'सेट होईल'. वेल्डिंगला तडा दिसला तर तो 'पेंटचा' असतो. कंपनी डीलरकडे बोट दाखवते, डीलर कंपनीकडे. हे चक्र मात्र विनातक्रार फिरतं.

बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. ही ओळ छापणाऱ्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा कुणी दाखवलेला नसावा. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही त्यात सरळ अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, दाखल करायला २ वर्षं मिळतात. निकाल ३ महिन्यांत, मालाची तपासणी लागली तर ५ महिन्यांत द्यावा, असंही कायदा म्हणतो. कायदा स्वभावाने आशावादी आहे.

तेव्हा तड्याचा फोटो काढा, तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि आयोगाआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ फिरवा. आणि हो, "बिल कशाला, २०० रुपये कमी करतो" म्हणणाऱ्याकडून सायकल घेऊच नका.