सेक्रेटरींचा माऊस गेला!

"वहिनी, कपडे राहू द्या, आधी इकडे भिंतीशी या. काल सोसायटीच्या ऑफिसात काय झालं कळलं का?"

"पुन्हा टँकरवरून जुंपली?"

"टँकर कुठला! सेक्रेटरींचा माऊस बंद पडला. मेंटेनन्सची बिलं छापायची, आणि हे आपले स्क्रीनकडे टकामका बघतायत. मुलाला फोन, रिपेअरवाल्याला फोन. शेवटी आमच्या सासूबाईच उठल्या."

"अगबाई, सासूबाई?"

"टायपिंगची चाळीसची परीक्षा पास आहेत म्हटलं! खुर्चीत बसल्या आणि ऑल्ट दाबून सोडला. एक्सेलच्या वरच्या पट्टीवर जिथं तिथं अक्षरं उमटली. होमवर एच, पेज लेआउटवर पी. पी दाबला, तर आतल्या बटणांवर आणखी अक्षरं. मग ओ, खाली बाण, एंटर. कागद आडवा झाला. कंट्रोल-पी, एंटर, सुटली बिलं."

"एवढं पाठ कसं राहतं हो त्यांच्या?"

"पाठ करायचंच नाही! ऑल्ट दाबला की पुढचं तोच सांगतो. चुकलं तर एस्केप, एक पायरी मागे."

"मग आमच्याकडे नोटपॅड-बिटपॅडच्या मेन्यूत दाबायच्या अक्षराखालची ती रेघ का नसते?"

"हेच मी विचारलं. पूर्वी रेघा कायम दिसायच्या म्हणे. विंडोज २००० आलं आणि ऑल्ट दाबेपर्यंत त्या लपवल्या. स्क्रीन छान दिसावा म्हणून! दुकानाची पाटी उतरवायची आणि वर म्हणायचं, गिऱ्हाईक फिरकत नाही. १९८७मध्ये आयबीएमनं कुठली कळ कशासाठी, याची नियमावलीच काढली होती. एफ१ म्हणजे मदत, एफ१० म्हणजे मेन्यू, ऑल्ट-एफ४ म्हणजे खिडकी बंद. अजून बहुतेक ठिकाणी चालतं. नवी ॲप्स मात्र मनाला येईल तसं वागतात."

"मला ते सेटिंगमध्ये टॅब दाबून दाबून वीट येतो. गोल ठिपके असतात ना, त्यातला दुसरा काही केल्या धरत नाही."

"तिथंच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. ठिपक्यांच्या गटात बाणानं फिरायचं, टॅब तुम्हाला गटाबाहेर नेतो. चौकोनातली खूण स्पेसनं. वरच्या कप्प्यांवर जायचं तर कंट्रोल-टॅब. आणि सेटिंग उघडायला विंडोजची कळ आणि आय."

"आमच्या वरच्या मजल्यावरच्या आयटीवाल्याला ठाऊक असेल हे."

"त्याचं तर विचारूच नका! घरी दोन स्क्रीन लावतो. परवा एक काढून ठेवला, तर प्रोग्रॅमची खिडकी त्या काढलेल्या स्क्रीनवरच राहिली. खाली पट्टीवर दिसतेय, समोर येत नाही. दोन तास झटापट, शेवटी आमच्या दारात."

"सासूबाईंकडे?"

"आणखी कुणाकडे! ऑल्ट-टॅबनं ती खिडकी निवडली, ऑल्ट-स्पेस, मग एम, मग बाण दाबून धरला. आली की सरकत सरकत! एम फिका दिसला तर आधी आर दाबायचा, म्हणजे फुल्ल झालेली खिडकी लहान होते. त्याचा चेहरा बघायला हवा होता."

"म्हणजे माऊस टाकूनच द्यायचा म्हणा."

"छे, फोटो कातरायचा, चित्र काढायचं तर माऊसच हवा. त्याही तेवढं मान्य करतात. पण रोजच्या फायली, बिलं, छपाई यासाठी हात उचलून माऊसवर न्यायचा, परत आणायचा, याचा त्यांना भारी राग."

"आणि सेक्रेटरींच्या माऊसचं काय झालं?"

"काय होणार, सेल संपला होता! तोवर बिलं वाटूनसुद्धा झाली. जाताना सासूबाईंनी विंडोज-एक्स, यू, यू करून कॉम्प्युटरही बंद केला. सेक्रेटरी बघतच राहिले. आता म्हणतात, रविवारी सगळ्यांना शिकवा."

"मी येते हं! वही घेऊन येते."

"तुम्ही या हो. पण सेक्रेटरींना सासूबाई दाराबाहेरच ठेवणार. आमच्या पार्किंगची तक्रार अजून फायलीतून काढलेली नाही त्यांनी."