टेकनभाऊ

भिलईत माणूस सेक्टरवरून आणि शिफ्टवरून ओळखला जातो. ‘सेक्टर सहाचे, या हप्त्यात नाइटला’ एवढं कानावर पडलं की त्यांच्या घरची बेल कधी वाजवायची नाही हे आपोआप कळतं. टेकनभाऊंच्या बाबतीत हे दोन्ही पत्ते निकामी आहेत. त्यांना गाठायचं असेल तर संध्याकाळी सिव्हिक सेंटरकडे निघावं. एखाद्या चहाच्या टपरीवर चार-पाच पोरांनी एका चाळिशीच्या माणसाला घेरलेलं असेल आणि तो माणूस हातातला कप सांडत ‘धरत नाहीत! ते धरत नाहीत!’ म्हणून ओरडत असेल, तर ते टेकनभाऊ. शेजारचे हिंदीभाषक त्यांना ‘टेकन भैया’ म्हणतात. मराठी घरांमधून ते भाऊ झाले. पाळण्यातलं नाव आता बहुधा फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं असावं.

टेकन हा जपानच्या नामको कंपनीचा मारामारीचा व्हिडिओ गेम. १९९४ मध्ये तो जपानमधल्या आर्केडांत उभा राहिला आणि २०२४ च्या जानेवारीत त्याचा आठवा भाग आला. पोलादी मुठीच्या स्पर्धेत जगभरचे पहिलवान उतरतात, हा देखावा. खरं भांडण एकाच घरातलं आहे, मिशिमा घराण्यातलं. आजोबा हेइहाची, मुलगा काझुया, नातू जिन. बापाने पाच वर्षांच्या पोराला कड्यावरून खाली फेकलं. पोराने मोठं होऊन पहिल्या भागात बापालाच कडा दाखवला. बाप वर चढून आला आणि दुसऱ्या भागात त्याने मुलाला थेट ज्वालामुखीत टाकलं. तिसऱ्यात आजोबांनी नातवाला गोळी घातली. चौथ्यात ज्वालामुखीतला मुलगा परत. पाचव्याच्या सुरुवातीलाच ‘हेइहाची मेला’ असं जाहीर झालं, सहाव्यात हेइहाची हजर. सातव्यात मुलाने बापाला मारून ज्वालामुखीत ढकलून हिशेब चुकता केला. आणि आठवा भाग बाजारात येऊन वर्षही झालं नव्हतं, तोच वेगळे पैसे मोजून घ्यायच्या पात्रांमध्ये हेइहाची पुन्हा दाखल! शिवाय दत्तक मुलगा ली, अनौरस मुलगा लार्स, राक्षस होऊन परतलेले पणजोबा जिनपाची, आठव्या भागात नव्याने उगवलेली मुलगी रेना. हेइहाचीने पाळलेलं कुमा नावाचं अस्वलसुद्धा मधल्या काळात मेलं आणि तिसऱ्या भागापासून त्याच्या गादीवर त्याचा मुलगा आहे. हातभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टाच्या तारखा घेणाऱ्या आपल्या लोकांना हे घराणं परकं वाटायचं काही कारण नाही.

इतर लोक हा गेम खेळतात. टेकनभाऊ त्याचा कुलवृत्तांत सांभाळतात. आपल्याकडे दर आडनावामागे एक निवृत्त गृहस्थ असतात ना, कोण दत्तक गेलं, कोणती शाखा कोणत्या गावाहून उठली, कोणाची दुसरी बायको कुठली, हे सगळं वहीत टिपून ठेवणारे, त्याच जातीचे हे. फरक इतकाच की ते निवृत्तीपर्यंत थांबले नाहीत.

त्यांचा धर्म ठरला तो तिसऱ्या भागात. प्लेस्टेशनवर तो १९९८ मध्ये आला. तिथून सुपेल्याच्या बाजारातल्या गेम पार्लरापर्यंत कसा पोचला हे विचारू नये. सीडीवर नाव स्केच पेनाने लिहिलेलं होतं, एवढं पुरे. तासाला दहा रुपये. सुरुवातीला निवडायला दहाच पात्रं, बाकीची एकेकाला घेऊन गेम संपवला की उघडायची. पार्लरवाल्याच्या मेमरी कार्डावर ती सगळी उघडून देणारा पोरगा म्हणजे आपले भाऊ, वय वर्षं तेरा. त्या बदल्यात त्याला शेवटची पंधरा मिनिटं फुकट मिळायची. आयुष्यात पुढे पुष्कळ काही मिळालं, पण त्या पंधरा मिनिटांचा रुबाब प्रमोशनलासुद्धा आला नाही, असं ते स्वतः सांगतात.

तेव्हापासून निकाल पक्का: तिसरा म्हणजे गेम, बाकीचे धरत नाहीत. चौथा धरत नाहीत, कारण त्यात जमीन उंचसखल केली, मध्ये भिंती घातल्या आणि जिनने मिशिमांची विद्या टाकून कराटे उचललं. ‘घरचं सोडून पोराने क्लास लावला,’ हे भाऊंचं त्यावरचं भाष्य. सहाव्यात तोच जिन घराण्याची कंपनी ताब्यात घेऊन साऱ्या जगाशी युद्ध पुकारतो. तिसऱ्या भागातलं ते गुणी, आईवेडं पोरगं असं वागेल का, यावर भाऊ अर्धा तास बोलू शकतात. पाऊस असला तर पाऊण. सातव्यात पाहुणे बोलावले. ‘स्ट्रीट फायटर’मधला अकुमा, तोही नुसता लढायला नाही, तर घरच्या भांडणात हेइहाचीच्या बायकोने सुपारी दिलेला म्हणून! आणि पुढे ‘वॉकिंग डेड’ या अमेरिकन मालिकेतला बॅटवाला निगन. ‘लग्न घरचं, वाजंत्री शेजारच्या लग्नातले,’ असं म्हणून भाऊंनी तेव्हा दोन दिवस चहा सोडला होता. टपरीवरचा. घरचा चालू होता.

आता गंमत अशी की न धरलेला एकही भाग त्यांनी सोडलेला नाही. चौथा घेतला, पाचवा घेतला, आठव्यासाठी तर प्लेस्टेशन फाइव्ह हप्त्यांवर आणला. एखादी गोष्ट बिघडली आहे हे सिद्ध करायला ती विकत घ्यावी लागते आणि पुराव्यासाठी रोज दोन तास खेळावी लागते, या बाबतीत त्यांची निष्ठा वादातीत आहे. मला वाटतं, नवा भाग चांगला निघाला असता तर त्यांची फार पंचाईत झाली असती.

नोकरी इथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये. एका अखंड लांबीत १३० मीटरचा रूळ काढणारी ही मिल, आणि असे दोन जोडून २६० मीटरचे रूळ इथून देशभर जातात. त्यामुळे कुठलाही जोड भाऊंना लांबूनच दिसतो. ‘सहा आणि सातच्या मध्ये वेल्डिंग खराब आहे,’ हे वाक्य ते बोलले की नवखा माणूस गाड्यांचं वेळापत्रक तपासायला लागतो.

विरोधी पक्ष अर्थातच आहे. पाचवाले आहेत, त्यांचं म्हणणं, मालिकेला चौथ्याच्या खड्ड्यातून पाचव्याने बाहेर काढलं. हे लोक सभ्य असतात, पुरावे देतात, त्यामुळे कोणी ऐकत नाही. आठवाले पोरगे तरुण आणि आगाऊ. आठव्यात ‘हीट’ नावाची सोय आहे. ती चालू केली की काही काळ अंगात आल्यासारखा हल्ला करता येतो. जगभरचे जुने खेळाडू तिच्यावर नाराज, कारण बचाव करणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. भाऊही नाराज. परवा एक पोरगा म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही हरून राहिले म्हणून बोलून राहिले.’ टपरीवर शांतता. भाऊ म्हणाले, ‘मी हरत नाही बे. मी निषेध म्हणून बचाव करत नाही.’

एकाच विषयावर सगळे पक्ष एक होतात: लाहोर. २०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान अ‍ॅश हा पोरगा आधी जपानची आणि नंतर लास वेगासची ‘इव्हो’ स्पर्धा जिंकून आला, जपान-कोरियाच्या मातब्बरांना हरवून. पाकिस्तानात गल्लीबोळातल्या आर्केडमध्ये असे आणखी पुष्कळ बसलेत, असं जगाला कळलं. त्या दिवशी टपरीवर देशभक्ती आणि टेकनभक्ती यांची मोठी कुचंबणा झाली. शेवटी भाऊंनी मार्ग काढला. ‘त्यांची पार्लरं चालू राहिली. आपलं कुठंय? मोबाइल रिपेअरिंग झालं तिथं.’ सुपेल्याचं ते दुकान टिकलं असतं तर जगज्जेता कोण असता, हे त्यांनी सांगितलं नाही. फक्त शर्टाची कॉलर नीट केली.

एका वर्षी मराठी मंडळींच्या गणपतीत टेकनची स्पर्धा ठेवायची टूम त्यांनी काढली. रांगोळी, पाककृती, संगीत खुर्ची आणि टेकन. बैठकीत आधी विरोध झाला तो ज्येष्ठांकडून. त्यांच्यातल्या एकांनी कारखान्यात रशियन इंजिनीअरांबरोबर काम केलेलं. १९५९ च्या ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली ती आठवण सांगितल्याशिवाय ते कुठल्याही ठरावाला अनुमोदन देत नाहीत. ते म्हणाले, ‘आमच्या वेळी रशियन होते जी. हे जपानी केव्हा आले?’ त्यांची समजूत घालण्यात वीस मिनिटं गेली. हेइहाची हा कन्सल्टंट नव्हे एवढं पटलं, पण तो मग येतो कशाला, हे पटलं नाही.

खरा खोळंबा नियमांवर झाला. एडी गोर्डो चालेल की नाही? एडी म्हणजे ब्राझीलचा, कॅपोएरा खेळणारा. लाथांची दोन बटणं डोळे मिटून बडवली तरी हा हातावर उभा राहून असा भिरभिरतो की समोरचा मुरलेला खेळाडू आडवा होतो. टेकन तीनच्या काळात देशातल्या निम्म्या पोरांनी निम्म्या लढती याच माणसाच्या जिवावर जिंकल्या असाव्यात. भाऊंनी ठणकावलं, एडीने जिंकलेलं धरत नाहीत. एका पोराच्या आईने विचारलं, ‘का जी? तो पण खेळातलाच माणूस आहे ना?’ भाऊ कौशल्य म्हणजे काय ते समजावू लागले. बाई ऐकेनात. दुसऱ्या म्हणाल्या, मग पाककृतीत मॅगी पण बंद करा. वाद तिकडे वळला. आरती पाऊण तास उशिरा झाली आणि स्पर्धा झालीच नाही. संगीत खुर्ची मात्र नेहमीप्रमाणे उत्साहात पार पडली.

पितृपक्षातली गोष्ट मला त्यांच्या वडिलांनी सांगितली. वडील श्राद्धाला बसले. गुरुजींनी नावं विचारली: वडील, आजोबा, पणजोबा. वडील म्हणजे टेकनभाऊंचे आजोबा, कारखाना उभा राहत होता तेव्हा वर्ध्याकडून आलेले. ते नाव आलं. त्यांचे वडील, तेही आलं. पणजोबांपाशी गाडी अडली. जुने कागद गावाकडे, गावाकडचं घर विकलेलं. वडिलांनी आशेने मुलाकडे पाहिलं. मुलगा नुकताच नाइट करून आलेला, भिंतीला टेकून डुलत होता. ‘अरे, पणजोबाचं नाव काय?’ असं वडिलांनी दरडावून विचारल्यावर त्याने डोळे न उघडता सांगितलं, ‘जिनपाची.’ गुरुजींनी पळी उचलली होती. गोत्र विचारायला थांबले म्हणून वाचलं.

भाऊंना या प्रसंगाची लाज वाटत नाही. उत्तर चुकलं नव्हतं, माणूस चुकला, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ते पुढे सांगतात की मिशिमांच्या घरी हा प्रश्न कधी उद्भवलाच नसता. ज्या घरात कोणी मेलेलं राहतच नाही, तिथे श्राद्ध घालायचं कोणाचं? ताट वाढावं आणि मूळ पुरुषाने खिडकीतून आत यावं!

या साऱ्या धामधुमीत वहिनींचा एकच प्रश्न लग्नापासून आहे: जिनची आई कुठे आहे? जून काझामा. दुसऱ्या भागात लढली, काझुयापासून तिला जिन झाला, आणि तिसऱ्याच्या कथेत ओगर नावाच्या दैत्याने हल्ला केला त्यात नाहीशी झाली. भाऊंचं मत ठाम: गेली. वहिनींचं मत तितकंच ठाम: माहेरी गेली. ‘प्रेत सापडलं का? नाही ना? मग? सासरा पोराला कड्यावरून टाकतो, नवऱ्याच्या अंगात सैतान येतो, त्या घरात कोण राहील?’ मधे टॅग टूर्नामेंटच्या दुसऱ्या भागात जून खेळायला मिळाली, तेव्हा वहिनींनी बोट दाखवलं. भाऊंनी नेहमीचं उत्तर दिलं: टॅगवाले भाग मूळ कथेत धरत नाहीत. पाचव्यात आसुका आली, जूनच्या नात्यातली. वहिनी म्हणाल्या, ‘बघा, माहेरची माणसं यायला लागली.’ भाऊ म्हणाले, कंपनीने नातं नीट लिहून दिलेलं नाही.

आणि मग आठव्या भागाच्या झलकेत, पांढऱ्या कपड्यांत, जून काझामा. क्रमांकाच्या भागात, दुसऱ्यानंतर एकदम आठव्यात. टॅग म्हणून उडवून लावायची सोय नाही. भाऊंनी ती झलक तीनदा पाहिली. वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘आली का?’

‘अगं, पण कथेच्या दृष्टीने हे…’

‘इतकी वर्षं कोणी न्यायला गेलं का तिला? नाही. शेवटी आपली आपणच आली.’

दुसऱ्या दिवशी टपरीवर गर्दी होती. आठवाले खुशीत, पाचवाले पुरावे घेऊन आलेले. सगळ्यांना भाऊंचा निकाल हवा होता. भाऊंनी चहा मागवला, अर्धा संपवला, आणि म्हणाले, ‘यात नवल काय आहे बे? मी तर पहिल्यापासून सांगून राहिलो, माहेरी असेल म्हणून. प्रेत सापडलं नव्हतं, हा मुद्दा तुम्ही लोक कधी धरतच नाही.’