गाडीचं लोणचं होऊ नये म्हणून

अभिनंदन! चाकण-पिंपरीच्या कारखान्यातून उठून तुम्ही डेट्रॉइटच्या आसपास, म्हणजे नोव्हाय, ट्रॉय नाहीतर कँटनला येऊन पडला आहात, आणि गाडीही घेतली आहे. देवळाच्या पार्किंगमध्ये तिची पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडून झाली, आईनं व्हिडिओ कॉलवर धोशा लावला म्हणून मीठ-मोहऱ्याही उतरवून झाल्या. आता घरातलं मीठ जपून ठेवा. यापुढे नोव्हेंबर ते एप्रिल तुमच्या गाडीची दृष्ट काढायचं काम इथली काउंटी अंगावर घेणार आहे. ट्रक भरभरून मीठ, आणि ते वरून नव्हे, खालून.

हे वाचून गाडी गंजायची थांबेल असा माझा दावा नाही. अठरा हिवाळे काढले, माझी एकही गाडी थांबलेली नाही. ती जरा सावकाश गंजावी म्हणून काय करायचं, एवढंच मला सांगता येईल.

पाठ पहिला: मीठ कशाला टाकतात

ज्यांच्या घरी मे महिन्यात आइस्क्रीमचा पॉट फिरवला जायचा त्यांनी हा पाठ गाळला तरी चालेल. लाकडी बादली, मधे डबा, भोवती बर्फाचे खडे आणि वर मुठीमुठीनं जाडं मीठ. मीठ पडलं की बर्फ वितळतो, पण ते खारं पाणी शून्याच्याही खाली उतरतं आणि डब्यातलं दूध गोठतं. इथे रस्त्यावर तोच प्रयोग चालतो, आइस्क्रीम तेवढं मिळत नाही. साधं मीठ पुस्तकात उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत बर्फाला दाद देत नाही. रस्त्यावर मात्र ते उणे नऊच्या आसपासच हात टेकतं. मग जोडीला कॅल्शियम क्लोराइड येतं. मिडवेस्टात काही ठिकाणी तर बिटाची साखर काढून उरलेला चिकट रसही मिसळतात, म्हणजे मीठ रस्त्याला धरून राहतं. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्यांना इथे क्षणभर गाव आठवेल.

अंश फॅरनहाइटमध्ये सांगतात म्हणून बिचकू नका. त्या गृहस्थानं १७२४ साली आपल्या मापातला शून्य ठरवला तोच मुळी बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणावरून. तेव्हा टीव्हीवर ‘उद्या शून्य’ म्हणाले की समजायचं, आपले उणे अठरा. इथला थर्मामीटरही जन्मापासून खारवलेलाच आहे.

आणि मीठ येतं कुठून? पायाखालून. डेट्रॉइट शहराच्या पोटात साधारण अकराशे फुटांवर मिठाचे थर आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे. त्यांच्यापर्यंत पोचणारा खाणीचा शाफ्ट खणायला १९०६ साली सुरुवात झाली. एकाच गावानं वर मोटारी घडवायच्या आणि तळघरात त्यांचं मरण साठवायचं, अशी सोय दुसरीकडे मी पाहिलेली नाही.

आता पुन्हा पॉटकडे वळा. त्या बादलीला बाहेरून लोखंडी पट्ट्या असायच्या. वर्षभरानं पॉट माळ्यावरून काढला की त्या पट्ट्यांकडे बघून आजोबा काय म्हणायचे ते आठवा. तेच शब्द तुम्हाला मार्चमध्ये लागणार आहेत.

पाठ दुसरा: गंज कसा चालतो

पुण्यात असताना दोन वर्षं मी सॉल्ट स्प्रेच्या पेटीवर होतो. ब्रॅकेट, बोल्ट, क्लिपा पेटीत टांगायच्या, आत ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं आणि तास मोजत बसायचं. जस्ताचा मुलामा आधी पांढरा गंजतो, तो संपला की खालचं पोलाद लाल होतं. लाल ठिपका दिसला की पार्ट नापास, आणि दुपारच्या आत सप्लायरचा माणूस पेढे घेऊन गेटवर. मला तेव्हा वाटायचं, हा छळ उगाच आहे, इतकं मीठ कुठल्या गाडीच्या नशिबी असतं? मग एका जानेवारीत मी आय-९६ वर एका ट्रकच्या मागे पाऊण तास काढला. पेटीत निदान तासांची मर्यादा होती.

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते. मीठ त्या पाण्यातून वीज खेळती करतं, त्यामुळे महिन्यांचं काम दिवसांवर येतं. वर कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, म्हणजे बर्फ थांबला, ऊन पडलं, तरी गाडीचं पोट ओलंच.

नवशिक्यांची पहिली चूक अशी की ते बॉनेटला पॉलिश करतात. गंज बॉनेटवरून येत नाही, तो मागच्या दारानं घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा असतो. दारांखालच्या पोकळ पट्टीत, मागच्या चाकाच्या कमानीत, दोन पत्रे जिथे एकमेकांवर दाबले आहेत त्या शिवणीत आणि ब्रेकच्या नळीवर तो आधी बसतो. रंगाला बाहेरून फोड आला म्हणजे आतलं काम उरकलेलं असतं. तो फोड बोटानं दाबून बघू नये. मी बघितला होता. बोट आत गेलं.

याच कारणासाठी जुनी गाडी घेताना आधी तिच्याखाली झोपावं, मग सीटवर बसावं. बरोबर फ्रिजवरचं लोहचुंबक न्यावं. कमानीवर ते चिकटलं नाही तर तिथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे. (चुंबक अजिबातच कुठे चिकटेना तर घाबरू नका, २०१५ नंतरचा फोर्डचा एफ-१५० असेल. त्याची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. मालक ते दर पाच मिनिटांनी सांगतोच. चासी पोलादाची आहे, ते सांगत नाही.) मिशिगनमध्ये गाडीची वर्षाला सक्तीची तपासणी नसते, त्यामुळे ज्यांचा बंपर केवळ मायेपोटी टिकून आहे अशाही गाड्या रस्त्यात भेटतात. ॲरिझोनाची गाडी मिळाली तर हजार डॉलर जास्त द्यावेत आणि कोणाला सांगू नये.

पाठ तिसरा: ऑक्टोबरची तेलबुडी

दिवाळीत माणसाला अभ्यंगस्नान, त्याच सुमारास गाडीला तेल. यात दोन पंथ आहेत. पहिला काळ्या रबरी लेपाचा. हा लेप दिसायला दणकट, विकणारा गोडबोल्या, आणि एकदा लावला की गाडीच्या जन्माची चिंता मिटली असं सांगितलं जातं. दोन-तीन हिवाळ्यांत त्याला बारीक भेगा जातात, खारं पाणी आत शिरतं आणि लेपाच्या उबेत निवांत राहतं. बाहेरून गाडी काळीकुळकुळीत, आतून पापड.

दुसरा पंथ ओल्या तेलाचा, आणि मी त्यातला. यातली काही तेलं मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. धनगराच्या घोंगडीवर पाऊस का ठरत नाही हे ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक समजवायला नको. हे तेल दरवर्षी नव्यानं मारावं लागतं, आठवडाभर ते ड्राइव्हवेवर ठिबकत राहतं, आणि पहिल्या दोन दिवसांत गाडीतून गेलं की आपण मेंढ्यांच्या ट्रकमधून आलो असा वास कपड्यांना येतो. बायको बोलेल. बोलू द्यावं. ब्रेक डिस्कवर आणि पॅडवर तेल उडू देऊ नका, नाहीतर गाडी गंजायच्या आधीच कुठेतरी जाऊन धडकेल.

दरवाजांच्या तळाशी लहान भोकं असतात, ती पाणी निथळायला ठेवलेली आहेत. माझ्या ओळखीच्या एका अतिहुशार इसमानं ती सिलिकोननं बुजवली, मीठ आत शिरू नये म्हणून. पुढे महिनाभर त्यानं ब्रेक मारला की चारही दारांतून गणपतीपुळ्याच्या समुद्राचा आवाज यायचा.

बॅटरीला जोडायची एक डबी विकत मिळते, तिच्यातल्या विजेनं म्हणे गंज पळतो. बोटीच्या बुडाला ही युक्ती लागू पडते, कारण बोटीचं बूड कायम पाण्यात असतं. तुमची गाडी कायम पाण्यात असेल तर डबी जरूर घ्या.

पाठ चौथा: धुणे

खरं सांगायचं तर बाकी सगळे पाठ या एका पाठाभोवतीची आरास आहे. खालून पाण्याचे फवारे मारणारं कार वॉश शोधायचं आणि हिवाळाभर दर पंधरा दिवसांनी जायचं. कधी? तर पारा चाळीस फॅरनहाइटच्या वर गेला, आकाश स्वच्छ झालं, की त्याच दुपारी. अर्थात ही अक्कल अख्ख्या ओकलंड काउंटीला एकाच दुपारी सुचते. रांगेत अर्धा तास धरून चला. तिथे हमखास आपलीच चार माणसं भेटतात. काचा वर ठेवून हातवाऱ्यांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब मी याच रांगेत मिटवलेला आहे.

धुतल्यावर दारांच्या रबरी कडा फडक्यानं पुसून घ्या. हे विसरलात तर रात्री पाणी गोठतं आणि सकाळी दार भिंतीचा भाग होतं. ओढू नका, हँडल हातात येतं. एका सोमवारी चारही दारं अशी बसली होती. मी टाय लावून डिकीतून आत शिरलो, मागची सीट पाडली आणि स्टिअरिंगपर्यंत रांगत गेलो. शेजारची म्हातारी खिडकीतून बघत होती. ती तेव्हापासून जास्त प्रेमानं बोलते.

गरम गॅरेज असलेल्यांनी हुरळून जाऊ नये. थंडीत गाडीखालचा खारट गोळा निदान गोठून गप्प पडतो. तुम्ही तो उबेत आणता, वितळवता आणि गंजाला रात्रभर गरमागरम जेवायला वाढता. न धुतलेली गाडी बाहेर थंडीत उभी असलेली बरी. माझ्या घरी हे कोणाला पटत नाही. गॅरेजमध्ये गाडीच उभी आहे आणि कारण विचारू नका.

पाठ पाचवा: सकाळची घाई

काचेवर बर्फ जमला म्हणून चहाचं उकळतं पाणी ओतू नका. आधी आवाज येतो, मग काच जाते. काच धुवायच्या टाकीत पुण्याच्या सवयीनं नळाचं पाणी भरू नका, निळं द्रव भरा, बाटलीवर किती थंडीपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं. दर दहा फॅरनहाइटला टायरची हवा साधारण एक पौंडानं उतरते, म्हणून पहिल्या थंडीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तो गाडीचा राग नव्हे. टपावरचा बर्फही झाडा, नाहीतर पहिल्या सिग्नलला तो सगळाच्या सगळा पुढच्या काचेवर उतरतो.

आणि एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून. रात्री मोठा बर्फ पडला असेल तर इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बर्फानं बुजलेलं असताना आत बसून हीटर लावला तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो. त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो. गॅरेजचं दार बंद ठेवून गाडी गरम करायची नाही, ती याच कारणानं.

पायपुसण्यांखाली बघायला विसरू नका. बुटांबरोबर आलेलं मीठ तिथे साठून कार्पेटवर पांढरे नकाशे उमटतात. माझ्या ड्रायव्हर सीटखाली हुबेहूब रत्नागिरी जिल्हा आहे, लांज्यापर्यंत.

पाठ शेवटचा: गाडी विकणे

सात-आठ हिवाळ्यांनंतर सगळं नीट करूनही मागच्या चाकाजवळ तांबूस फोड दिसेल. हरकत नाही, एप्रिलच्या सुरुवातीला जाहिरात टाका. गाडी धुऊन, पुसून, सावलीच्या बाजूला लावा. चौकशी करणारा बहुधा नुकताच पुण्याहून आलेला, जॅकेटला अजून लेबल लटकतंय असा मुलगा असेल. तो तुम्हाला काका म्हणेल. त्याला चहा विचारा, मायलेज सांगा, आय-९६ चा विषय काढू नका.

त्यानं खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि सरळ जमिनीवर आडवा झाला, तर पाचशे डॉलर आपणहून कमी करा. त्यानं हे वाचलेलं आहे.