गावचा वकील गावातच घडवा

२९ गावांचं प्रकरण वसईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. आमची गावं महापालिकेत नकोत, म्हणून वाड्या-बागांच्या हिरव्या पट्ट्याने रान उठवलं. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळण्याची अधिसूचना काढली. मामला उच्च न्यायालयात गेला. तारखांवर तारखा पडत गेल्या. २०२४ मध्ये सरकारने वगळण्याची ती अधिसूचनाच मागे घेतली. लोक रस्त्यावर उतरले, घोषणा दिल्या, मार खाल्ला. पण खरी झुंज होती कागदावर, आणि उच्च न्यायालयातला तो कागद इंग्रजीत होता.

या पट्ट्याचं कुठलंही दुखणं शेवटी कोर्टाच्या पायरीवर येतं. सातबाऱ्यावरची वारस नोंद, कुळाचा हक्क, बुजवलेलं बावखल म्हणजे वाडीतलं तळं, अडवलेला नाला, किनाऱ्यावरचे सीआरझेडचे बांधकाम-निर्बंध, विकास आराखड्यातलं वाडीवर पडलेलं आरक्षण. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी माणसं जागी केली. जागी झालेली माणसं पुढे वकील शोधत फिरतात. तो मुंबईत फोर्टमध्ये बसतो, त्याला बावखल म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं.

म्हणून स्पष्ट लिहितो. निर्मळ, भुईगाव, वाघोली, गास या गावांनी आपली पोरं ठरवून वकिलीकडे वळवली पाहिजेत. पोरं हुशार आहेत. अडतं ते प्रवेशाच्या दारात.

दार एक, इंग्रजी

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं तर क्लॅट द्यावी लागते. २००८ पासून ही परीक्षा होते. आज तिचं रूप असं: दोन तास, १२० प्रश्न, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, आणि त्या मिनिटातच सुमारे ४५० शब्दांचे उतारेही वाचून काढायचे. भाषा फक्त इंग्रजी.

कायद्याचं आधीचं ज्ञान लागत नाही, असं ही परीक्षा घेणारे सांगतात. बरोबर आहे. मग घरात इथली कादोडी बोली बोलणाऱ्या आणि शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलीचं नेमकं काय तपासलं जातं? तिचा तर्क तपासायच्या आधी तिचा इंग्रजी वाचनाचा वेग तपासला जातो. तर्काची पाळी येईपर्यंत घंटा वाजते.

नीट मराठीतून देता येते. जेईई मेन मराठीतून देता येते. दोन्ही परीक्षा १३ भाषांत होतात. माणसाचं शरीर आणि पुलाचा खांब मराठीत समजतो, मग फक्त कायदाच का समजत नाही? २०२३ मध्ये हाच मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिकेतून मांडला गेला. तरी क्लॅट अजून इंग्रजीतच आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: वरच्या न्यायालयांचं काम इंग्रजीत चालतं, इंग्रजीशिवाय वकिली कशी करणार? घटनेचा अनुच्छेद ३४८ तसं सांगतो, हे मान्य. पण जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरवली आहे. वसईच्या कोर्टात येणारा पक्षकार आपली हकिगत मराठीत सांगतो, साक्ष मराठीत देतो. शिवाय क्लॅटमध्ये इंग्रजीचा विभाग वेगळा आहेच. तो ठेवा, कडक ठेवा. बाकीचा तर्क, चालू घडामोडी आणि गणित मुलांना आपल्या भाषेत सोडवू द्या. पाच वर्षांचं शिक्षण आहे, तेवढ्यात इंग्रजी पक्कं होतं. वाकडा तर्क मात्र पाच वर्षांत सरळ होईलच असं नाही.

आमच्या शेजारचं उदाहरण देतो. सोपाऱ्यात १८८२ मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला सापडला, निर्मळच्या अगदी शेजारी. त्या राजाज्ञा प्राकृतात कोरल्या होत्या, लोकांना कळाव्यात म्हणून. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला जे उमगलं, ते आजच्या विधी विद्यापीठांना उमगायला काय हरकत आहे?

दार दोन, पैसा

क्लॅटचा अर्जच चार हजारांचा. अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना साडेतीन हजार. सवलत फक्त पाचशे रुपयांची! पुढे क्लास. चांगल्या क्लासची फी लाखाच्या घरात जाते, आणि क्लास बोरिवलीला नाहीतर अंधेरीला. नालासोपाऱ्याहून विरार लोकलमध्ये घुसायचं, उभ्याने जायचं, उभ्याने यायचं, रात्री घरी पोचून बारावीचा अभ्यास करायचा. वाडीत फुलं खुडून दादरला पाठवणाऱ्या घराने हे कुठून जमवायचं?

सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी एक फार मोलाचा निकाल दिला. सनद देताना राज्यांच्या बार कौन्सिल पंधरा हजारांपासून चाळीस हजारांच्या पुढेपर्यंत पैसे घेत होत्या. न्यायालय म्हणालं, कायद्यात ७५० रुपये आहेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्याहून जास्त घ्यायचे नाहीत. बाहेर पडतानाच्या दारावरची जादा वसुली थांबली. आत येतानाच्या दाराकडे आता बघा. अर्जाची फी उतरवायला कुठल्या निकालाची वाट बघायची गरज नाही.

क्लासवाले सांगत नाहीत ते

आता मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलतो. क्लॅट म्हणजेच वकिली, हा समज डोक्यातून काढा. राज्याची सीईटी आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीनंतर, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीनंतर. १२० प्रश्न, दोन तास. प्रश्न मराठीतही असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. या परीक्षेवर मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय मिळतं. १८५५ सालचं. टिळक तिथे शिकले, बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले. फी राष्ट्रीय विद्यापीठांच्या तुलनेत नगण्य, आणि चर्चगेटला उतरून चालत जाता येतं. पुण्याचं १९२४ चं आयएलएस विधी महाविद्यालयही याच वाटेवर आहे. क्लॅट जमली तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विद्यापीठांत महाराष्ट्रातल्या मुलांसाठी राखीव जागा आहेत. दोन्ही परीक्षा द्या. एक हुकली म्हणून रडत बसू नका.

पेपर कसा असतो, तेही बघून घ्या. मी वाडीतलाच प्रश्न करून देतो.

नियम असा: आपल्या फायद्यासाठी कुणी आपल्या जमिनीवर, एरवी तिथे नसणारी आणि सुटली तर नुकसान करणारी वस्तू साठवली, आणि ती सुटून शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर साठवणाऱ्याचा हलगर्जीपणा नसला तरी भरपाई त्यानेच द्यायची. हकिगत अशी: एका माणसाने वाडीत मोठं तळं बांधून पाणी साठवलं. बांध फुटला, शेजाऱ्याची केळी आडवी झाली. तळंवाला म्हणतो, मी चांगला गवंडी लावला होता, माझी काय चूक? भरपाई द्यावी लागेल का?

निम्मी मुलं म्हणतात, बिचाऱ्याची चूक नाही, नको. उत्तर चुकलं. नियमातच म्हटलंय, हलगर्जीपणा नसला तरी. पुढचा प्रश्न फिरवून येतो: बांध शेजाऱ्यानेच फोडला असेल तर? इथे मनाने काही ठरवायचं नाही. उताऱ्यात तसा अपवाद दिलाय का, ते शोधायचं. दिला असेल तर भरपाई नाही, दिला नसेल तर आहे. दया, राग, गावातलं वैर आणि कायद्याबद्दल ऐकलेल्या गप्पा बाजूला ठेवून दिलेला नियम दिलेल्या हकिगतीला लावायचा, एवढंच कसब. हा नियम इंग्लंडमध्ये १८६८ च्या निकालात पक्का झाला, तोही जलाशयाचं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरल्यावर. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिल्लीच्या वायुगळतीच्या खटल्यात त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं की धोकादायक कारखान्याला कुठलाच अपवाद नाही. पावसाळ्यात कुणाचं पाणी कुणाच्या वाडीत शिरलं यावरून होणारी भांडणं लहानपणापासून ऐकलेल्या पोराला हे शिकवायला लाख रुपये लागतात, असं म्हणणं त्या पोराचा अपमान आहे.

मग लागतं काय? अकरावीपासून रोज तासभर इंग्रजी वाचन, घड्याळ लावून. वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचायचा आणि लेखकाचं म्हणणं दोन ओळींत मराठीत लिहायचं. ते लिहिता आलं तर उतारा कळला. जुन्या प्रश्नपत्रिका आणि नमुना प्रश्नसंच क्लॅट घेणारा विधी विद्यापीठांचा कन्सोर्टियम स्वतःच देतो. ते दोन तास लावून सोडवायचे. सोडवून झालं की काम निम्मंच झालं. प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे का चुकलं ते लिहायचं: नियम नीट वाचला नाही, घाई झाली, की शब्दच माहीत नव्हता. महिन्याभरात आपली खोड आपल्यालाच दिसते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. असले बदल पाठ नकोत, समजलेले हवेत. संविधान मराठीत छापलेलं मिळतं, ते घरात हवंच.

आणि कागदपत्रं! अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर. परीक्षेत उत्तम गुण मिळवून प्रवेशाच्या फेरीत दाखल्यावाचून जागा घालवणं, याच्यासारखं दुःख नाही. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, ती तपासा. जात वैधतेला महिने जातात, पूर्वेकडच्या आदिवासी पाड्यांतल्या मुलांना तर फारच. अर्ज अकरावीतच टाका. निकालानंतर दाखल्यांसाठी सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहिलात तर उशीर झालेला असतो.

गावाने काय करावं

सगळा भार पोरांवर टाकून चालणार नाही. क्लॅट डिसेंबरच्या सुरुवातीला येते. निर्मळची जत्रा कार्तिक वद्य एकादशीची, म्हणजे साधारण नोव्हेंबरमध्ये. जत्रा आटपते तोवर परीक्षा दारात. अख्खं गाव पाहुण्यांत, सुकेळ्यांत आणि पाळण्यांत असतं, त्या दिवसांत बारावीच्या मुलाला बसायला शांत खोली मिळाली पाहिजे. चर्चचा हॉल आहे, देवळाचं सभागृह आहे, शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. एक खोली, दिवा, इंग्रजी वर्तमानपत्र आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. एवढं तर कुठल्याही मंडळाला परवडतं.

वसईच्या कोर्टात काम करणारे तरुण वकील याच गावांतले आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. देशपातळीवर कायद्याचे प्राध्यापक शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये आयडिया नावाचा उपक्रम सुरू करून हेच केलं. गरीब घरांतली, खेड्यांतली, अपंग मुलं शोधली, विधी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांकडून त्यांची तयारी करून घेतली आणि त्यांना आत नेऊन बसवलं. बशीर २०१९ मध्ये गेले, काम चालू आहे. पालघर जिल्ह्यातल्या शाळांनी आयडियाला पत्र लिहावं. विचारायला पैसे पडत नाहीत.

सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून वसईतल्या माणसांनी १९१८ मध्ये स्वतःची पतसंस्था काढली. आज तीच बॅसीन कॅथलिक बँक आहे. त्या पिढीने पैशासाठी परक्याच्या दारात जाणं थांबवलं. या पिढीने न्यायासाठी परक्याच्या दारात जाणं थांबवावं. पतपेढ्यांनी दरवर्षी प्रत्येक गावातल्या दोन मुलांची परीक्षेची फी आणि पुस्तकं उचलावीत, त्यांतली एक मुलगी असावी. आमदार-खासदारांनी क्लॅट मराठीत घेण्याची मागणी सभागृहात लावून धरावी, आणि मत मागायला येतील तेव्हा गावाने त्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा.

आज अकरावीत बसलेली मुलं सात-आठ वर्षांत सनद घेतील. तोपर्यंत या पट्ट्यावर नवा आराखडा येईल, नवी अधिसूचना येईल. ती वाचून त्याच दिवशी हरकत लिहिणारा माणूस गावात हवा असेल, तर त्याची तयारी या वर्षी सुरू करा.